घोड्यावरून काही दिसत नाही

९ फेब्रुवारी

दादा,

बाबा आज दुपारभर नदीकाठी बसून होते.

हे वाक्य मी दोनदा खोडलं. खोटं वाटत होतं. पण घडलं ते तेच, म्हणून तेच लिहिते. नदी खरी नाही, एवढंच.

तुझा पत्ता तू काम करतोस त्या रोपवाटिकेच्या मालकिणीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस, मी विमा कंपनीतून बोलतेय असं तिला सांगितलं. तुझा फोन नंबर बदललाय, आणि नवा मागायची माझी हिंमत नाही. पत्र बरं. पत्र न वाचता ठेवून देता येतं.

बाबांचा पाय मोडला. घोट्याच्या वर, दोन ठिकाणी. जिना उतरताना. ते जिना कसा उतरतात तुला माहीत आहे. कठड्याला हात न लावता, दोन-दोन पायऱ्या, खाली अँब्युलन्स सुरू करून ठेवल्यासारखे. अँब्युलन्स चालवायच्या नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी तसेच. खाली काहीही नव्हतं. दूध आणायला निघाले होते.

डॉक्टर म्हणाले, पाय जमिनीला टेकवायचा नाही. बाबांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "हाडाला विचारून सांगतो." बाबांना तो विनोद कळला नाही. तू असतास तर हसला असतास.

पहिले काही दिवस त्यांनी खुर्चीत बसून घर हाकलं. "भिंगरे, नळ. भिंगरे, दार वाजलं. अगं आटप, दूध काय तुझ्या परवानगीने उतू जाणारे?" मी दिवसभर लॅबमध्ये. अजून तीच लॅब, त्याच कवळ्या, तेच प्लास्टर. घरी आले की पुन्हा प्लास्टर. शेवटी माझा जुना कॉम्प्युटर त्यांच्यापुढे ठेवला आणि माझा गेम लावून दिला.

तुला हा गेम माहीत नसेल. एक मोठा काल्पनिक मुलूख आहे. जंगलं, किल्ले, राक्षस. हजारो लोक एकाच वेळी तिथे असतात, प्रत्येकाचं एक पात्र. कामं मिळतात: लांडगे मारा, खजिना आणा. ती केली की लेव्हल वाढते. सगळ्यात शेवटी काळा बुरूज. मी आणि माझ्या टोळीने तो तीनदा सर केलाय. आमची टोळी वेगासाठी ओळखली जाते. शेवटी मुलगी कुणाची.

मला वाटलं, वेग आहे, धोका आहे, बाबांना मानवेल. त्यांना एक भालाईत करून दिला, घोडा दिला, बुरुजाचा रस्ता दाखवला आणि कामावर गेले.

संध्याकाळी आले तर भालाईत पहिल्याच गावाबाहेर, नदीकाठी एका दगडावर बसलेला. भाला शेजारी आडवा. घोडा नाही.

"घोडा कुठाय, बाबा?"

"सोडून दिला."

"का?"

"घोड्यावरून काही दिसत नाही."

"लांडगे मारायचे होते."

"ते काही करत नव्हते गं. पाणी पीत होते बिचारे."

मग म्हणाले, "थांब. इथे मासा उडी मारतो. मारेल आता."

मी थांबले. माशाने उडी मारली. बाबा माझ्याकडे बघून हसले.

दादा, हा तोच माणूस आहे. ज्याने आपल्या आंघोळींना घड्याळ लावलं. शाळेच्या वाटेवर तू प्रत्येक फाटकाला हात लावत यायचास म्हणून ज्याने तुझं नाव गोगलगाय ठेवलं. आई गेली त्या दिवशी दवाखान्यात तिच्या पलंगापाशी, सगळ्यांसमोर, ज्याने तुला म्हटलं, "तू धावला असतास तर."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नळ सोडला, बंद केला.

उत्तराची अपेक्षा नाही.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

टोळी हसतेच. आमच्यात एक पोस्टमन आहे. खऱ्या आयुष्यातही पोस्टमनच, जिभेने तिखट. परवा त्याने लिहिलं, "तुझे बाबा अजून पहिल्याच गावात? घर घेतलं की काय तिथे?" मी म्हटलं, त्यांचा पाय मोडलाय. तो म्हणाला, "गेममधलाही?"

मला लागलं ते. म्हणून रविवारी बाबांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, चला, मी नेते तुम्हाला बुरुजापर्यंत. टोळीला पुढे थांबवून ठेवलं. बाबा आले, पण पायी. मी घोड्यावर, ते पायी. दर दहा पावलांवर मला घोडा मागे वळवावा लागत होता. पुलावर आल्यावर ते थांबले.

"पुलाखाली काय आहे?"

"काही नाही."

"बघितलंयस?"

त्या पुलावरून मी किती वेळा गेले असेन याचा हिशेब नाही. खाली बघितलं नव्हतं. बाबा काठावरून घसरत उतरले. मीही उतरले, नाइलाजाने. कमानीच्या आतल्या बाजूला पाकोळ्यांची घरटी होती. मातीची, एकाला एक लागून. एका घरट्यातून चोच बाहेर यायची आणि आत जायची.

तिथे बक्षीस नाही. गुण नाहीत. लेव्हल वाढत नाही. कुणीतरी पगारी माणसाने बसून ती घरटी केली, आणि तिथे फारसं कुणी येणार नाही हे त्याला माहीत असणार. माझ्या कामात असं असतं. दाढेच्या आतल्या बाजूची खाच मी कोरते, ती फक्त जिभेला कळते. तरी पुलाखाली बघायचं मला कधी सुचलं नाही.

तिकडे टोळी ताटकळली. पोस्टमनने लिहिलं, "बाबांना सांग, तुम्ही याल तोवर बुरूज पडेल." बाबांनी ते वाचलं. मला वाटलं आता भडकतील. ते एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहायला लागले. आम्ही सगळे वाट बघत बसलो. "पडायच्या आत येतो. तुम्ही तेवढा धरून ठेवा." मग पोस्टमन म्हणाला, "म्हातारा भारी आहे."

जेवताना बाबा सांगतात. गिरणीच्या माळ्यावर मांजर झोपतं. डोंगरावरून धुकं उतरतं तेव्हा गुरं आपणहून परत येतात. काल म्हणाले, "आज मिठाची गुहा बघितली आम्ही." परगावी जाऊन आल्यासारखे.

"आम्ही म्हणजे कोण?"

"आहे एक सोबत. माझ्याहून सावकाश."

आणि भात वाढून घेतला. दादा, ते चावून जेवतात आता. मी बघत बसते.

भिंगरी


६ मार्च

दादा,

तू आहेस तिथे.

काल बाबा आंघोळीला गेले होते. पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून, स्टुलावर बसून, त्यांना वेळ लागतो. कॉम्प्युटर चालूच होता. भालाईत एका शेताच्या फाटकापाशी बसलेला. शेजारी दुसरं पात्र, अंगावर राखाडी घोंगडी, चेहरा झाकलेला. त्याच्या डोक्यावर नाव होतं: गोगलगाय.

माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तो पिळत राहिले. फरशीवर पाणी झालं.

त्यांच्या गप्पा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होत्या. वाचायला नको होत्या. वाचल्या. थोड्याच ओळी होत्या.

तू लिहिलं होतंस, "या फाटकाला कडी नाही. मग बंद कसं राहतं?"

बाबांनी लिहिलं होतं, "वाऱ्याने."

"वारा पडला की?"

"बघू. बसा."

फाटक, दादा. दुसरं कोण बसेल फाटकापाशी?

त्याच्या खाली बाबांचं वाक्य होतं. "न कळवता दारात जाऊन उभं राहिलं तर चालेल का, हे विचारायला मला तोंड नाही." आणि त्याखाली तुझं. "विचारत बसू नका. पाय बरा झाला की उठा आणि निघा."

न्हाणीघराचं दार वाजलं, मी बाजूला झाले.

कधीपासून? त्यांनी तुला शोधलं की तू त्यांना? माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, आणि रोज दुपारी त्यांच्या शेजारी बसतोस. मला राग आला. मग रडू आलं. मग पुन्हा राग. लॅबमध्ये मालकीणबाई म्हणाल्या, "एक काय ते ठरव, म्हणजे मला तसं वागता येईल."

बाबांना मी काही बोलले नाही. तुमचं तुम्ही. पण आज घरी आले तर मेजावर तिकीट. शेजारच्या काकांकरवी आणवलेलं. तुझ्या गावाचं, २४ तारखेचं. १७ला प्लास्टर निघणार आहे. आणि तिकीट जलद गाडीचं नाही. पॅसेंजरचं.

"बाबा, ही प्रत्येक स्टेशनावर थांबते."

"माहितीये."

"अख्खा दिवस घेईल."

"घेऊ दे. तिचा दिवस आहे."

मला आनंद झालाय. धक्काही बसलाय. दोन्ही इतके कालवले गेलेत की वेगळे काढता येत नाहीत. तू दार उघडणार आहेस. मला एवढंच हवं होतं, आणि ते माझ्याच गेममध्ये, मला न कळता झालं.

भिंगरी


१५ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. चार वर्षांनी, तीन वाक्यं.

"तो मी नाही. मी असले खेळ खेळत नाही. पाय कसा आहे?"

लॅबमध्ये वाचलं. हातात एका आजींची कवळी होती, वरची, पॉलिश झालेली. पडली. मधोमध तुटली. मालकीणबाई म्हणाल्या, "काय गं, भूत बघितलंस?" मी म्हटलं, "उलट. होतं ते नाहीसं झालं."

मग ते कोण आहे?

मी कवळीचे तुकडे गोळा केले. खुर्चीवर बसले. उभी राहिले. नीट विचार करता येत नव्हता. आता घरी येऊन, बाबा आतल्या खोलीत असताना, करून बघते.

बाबा आठवड्यांमागून आठवडे एका परक्याशी बोलताहेत. त्याला आपला मुलगा समजून. तुझ्याशी बोलायचं राहिलेलं सगळं त्याच्याशी बोलले असणार. आईचंही. तो परका म्हणाला, उठा आणि निघा. आणि बाबा उठताहेत. काठी टेकत तुझ्या दारात येऊन उभे राहतील, तू बोलावलंस म्हणून. आणि तू बोलावलेलं नाहीस.

गोगलगाय. हे नाव त्या गेममध्ये कुणीही घेईल. सावकाश चालणाऱ्या माणसाला पहिलं तेच सुचेल. पण जगात गोगलगाय एकच आहे, असं आपल्या घरात दोघांना वाटलं. एकाला वाटलं असतं तर चूक म्हटली असती. दोघांना वाटलं, याला काय म्हणायचं मला कळत नाही.

बाबांना सांगितलं तर ते तिकीट फाडतील. मग पुन्हा तिकीट काढणार नाहीत, त्यांना ओळखते मी. नाही सांगितलं तर त्यांना तुझ्या उंबऱ्यावर कळेल. तुझ्या चेहऱ्यावरून.

त्या माणसाला मी आधी शोधते. त्याला काय हवंय ते बघते. मग बाबांशी बोलते.

तोवर तुझ्याकडे एक मागते. सरळ मागते. ते आले तर दार उघडशील का? हो किंवा नाही लिही. एका शब्दाचं पत्र चालेल.

पाय बरा आहे. परवा प्लास्टर काढतात. तू विचारलंस हे त्यांना सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? तू त्यांना रोज भेटतोस असं त्यांना वाटतंय.

भिंगरी


१९ मार्च

दादा,

सापडलं.

गेममध्ये नाव शोधलं की तो माणूस आत आहे एवढं कळतं, कुठे आहे ते नाही. मी घोड्यावर बसले. माझा घोडा टोळीत सगळ्यात वेगवान आहे. एका संध्याकाळी सगळा मुलूख पालथा घातला. जंगल, घाट, दोन्ही किल्ले, बुरुजाच्या पायथ्यापर्यंत. कुठेच नाही.

मग टोळीला विचारलं, मिठाची गुहा कुठे आहे? कुणालाच माहीत नव्हतं. कडी नसलेलं फाटक? नाही. पोस्टमन म्हणाला, "असली जागा नाहीच. माझा नकाशा पूर्ण झालाय." मी म्हटलं, बाबा जाऊन आलेत तिथे.

म्हणून काल घोडा सोडून दिला आणि पहिल्या गावापासून चालायला लागले.

चालणं फार हळू असतं, दादा. मला जांभया आल्या. मग वैताग आला. पुलाखाली उतरले. पाकोळ्या होत्या, आणि त्या घरट्यात आता तीन चोची होत्या. म्हणजे तिथे दिवस जातात. आम्ही बुरूज सर करत होतो तेव्हा इथे अंडी फुटत होती. नदीच्या काठाने वर गेले. एका वळणावर पाण्याचा आवाज बदलला, पोकळ झाला. त्या वळणावरून मी कितीदा गेलेय, पण घोड्याच्या टापांत तो कधी ऐकूच आला नाही. आवाजाच्या मागे गेले. वेलींच्या आड फट होती.

आत सगळं पांढरं. मिठाचे खांब. आणि मधोमध राखाडी घोंगडी पांघरलेलं ते पात्र, एकटं.

मी लिहिलं, "कोण आहात तुम्ही?"

"पायी आलात," उत्तर आलं. "मग बसा."

"बसायला आले नाही. माझे बाबा तुम्हाला त्यांचा मुलगा समजतात."

"तुम्ही भिंगरी."

"मी सुईण आहे," त्यांनी लिहिलं. "पन्नाशी उलटली. प्रसूतीच्या वॉर्डात काम करते. तिथल्या पोरी मला गोगलगाय म्हणतात, मी धावत नाही म्हणून. बाळ यायचं तेव्हाच येतं. धावून काय करू?"

"बाबांना हे सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी. त्यांनी विचारलं, शाळेच्या वाटेवर फाटकांना हात लावायचा, तोच का तू? मी म्हटलं, नाही हो, मी बाई आहे, आणि माझ्या शाळेच्या वाटेवर एक फाटक नव्हतं, नुसती गटारं."

मी ते पुन्हा वाचलं. आणि पुन्हा.

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, तुम्ही तो नाही हे कळलं. तरी तुमच्याबरोबर चाललो तर चालेल का?"

"पण का?"

"ते त्यांना विचारा. मी बाळं बाहेर काढते, गुपितं नाही."

म्हणजे बाबा फसलेले नाहीत. फसले मी. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं की शेजारी बसलंय ते कुणी वेगळंच आहे. आणि हे माहीत असून त्यांनी तुझ्या गावाचं तिकीट काढलं. तू बोलावलेलं नाहीस हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरी ते निघाले आहेत.

मी तिथेच बसले. सुईणबाईंनी लिहिलं, "वर बघा." छताला मिठाच्या टोकावर पाण्याचा थेंब लोंबत होता. "पडेल?" मी विचारलं. "पडेल की. त्याला कुठे जायचंय दुसरीकडे." आम्ही दोघी तो पडेपर्यंत बसलो.

भिंगरी


२२ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. एक शब्द मागितला होता.

बाबा खोलीत काठीने चालायचा सराव करतात. खिडकीपासून पलंगापर्यंत, पलंगापासून खिडकीपर्यंत. पाऊल टेकवतात, मग त्यावर भार देतात, मग दुसरं. आज मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "सुईणबाई भेटल्या मला."

ते दचकले नाहीत. "गुहेत?"

"हो."

"पायी गेलीस?"

"हो."

"बरं झालं." पलंगावर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली, तिकडे भाला ठेवतात तशी.

"त्या दादा नाहीत हे माहीत असताना का चालत होतात त्यांच्याबरोबर?"

"शिकत होतो."

"काय?"

"त्याच्याबरोबर कसं चालायचं ते." त्यांनी दुखरा पाय सरळ केला. "लहान असताना मनगट धरून ओढायचो मी त्याला. त्याच्या चालीने एकदासुद्धा चाललो नाही. आता भेटायला जायचं आणि पुन्हा ओढायचं? मग न गेलेलं बरं. सराव हवा ना. तो कुणाबरोबर तरी करावा लागतो."

ते बोलत राहिले. पुढचं जसंच्या तसं लिहिते, माझ्या पदरचं काही नाही.

"त्यांना मी त्या दिवसाचं सांगितलं. म्हटलं, बायको स्वयंपाकघरात पडली, मी दुसऱ्याच कुणाला घेऊन पळत होतो, आणि पोरगा तिचा हात धरून बसला. फोन मागनं केला. मला वाटलं, त्या म्हणतील, अरेरे. त्यांच्या कामात त्यांना कळतं सगळं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे ती एकटी नव्हती.'"

काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"एवढी माणसं नेली मी, भिंगरे. मागे कोण कण्हतंय, कोण गप्प झालंय, मला फक्त ऐकू यायचं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी कुणाचा हात धरलेला नाही. तुझ्या आईचासुद्धा. तो होता म्हणून तिला मिळाला. आणि मी त्याला काय म्हणालो ते तुला माहितीये."

चार वर्षांत ते वाक्य या घरात कुणी काढलं नव्हतं. बाबांनी ते असं काढलं, जसं कुणी खिशातून किल्ली काढून मेजावर ठेवतं.

मी विचारलं, "त्याने दार नाही उघडलं तर?"

"पायरी असेल ना दाराला?"

"असेल."

"मग बसेन. आता येतं मला बसता."

मग मी सांगितलं. म्हटलं, त्याचं पत्र आलं होतं. त्याने विचारलंय, पाय कसा आहे.

"काय?"

"पाय कसा आहे, असं विचारलंय."

"त्याने?"

"त्याने."

बाबा उठले. काठी घेऊन खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. घाई न करता, मला नीट दिसेल असे.

"असा आहे म्हणून कळव," ते म्हणाले.

म्हणून कळवते. डावा पाय अजून थोडा बाहेर पडतो. टाच आधी टेकते. वळताना थांबतात. बाकी बरा आहे.

स्टेशनवर टॅक्सी सांगून ठेवू का विचारलं, तर नको म्हणाले. तुझा पत्ता मी लिहून दिलाय, तुझ्यापर्यंत चालत येणार आहेत. "वाटेत फाटकं असतील," म्हणाले.

हे पत्र जलद टपालाने टाकतेय, त्यांच्या आधी पोचावं म्हणून. स्वभावाला औषध नाही. पोचलंच नाही तर तुला आधी तेच दिसतील. दार उघडायची घाई करू नकोस. ते थांबतील.

भिंगरी


२५ मार्च

दादा,

काल दिवसभर मी काही केलं नाही. फोन हातात धरून बसले होते. पोस्टमनने विचारलं, "म्हातारा बुरुजाला निघाला का?" मी म्हटलं, निघाला.

आज सकाळी लॅबमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला. पलीकडे आधी कात्रीचा आवाज. कुणीतरी फांद्या छाटत होतं. मग बाबा.

"पोचलो गं."

"केव्हा? कालपासून फोन का नाही?"

"इथे एक रोप आहे, बोटभर. त्याला दुसऱ्या झाडाची फांदी बांधतात. मग नुसती वाट बघायची. तो दाखवत होता मला."

कात्री मागे चालूच होती, थांबून थांबून. ती तुझ्या हातात होती, तुझा हात मी ओळखते.

"बाबा, दार?"

"उघडलं की."

"लगेच?"

"छे. लगेच कुठलं."

"मग किती वेळ बसलात पायरीवर?"

दादा, आपल्या आंघोळी त्यांनी मिनिटांत मोजल्या. दवाखान्यात पोचेपर्यंतचा प्रत्येक सिग्नल मोजला. आई गेली तेव्हाही घड्याळ बघून वेळ त्यांनीच सांगितली होती.

"मोजलं नाही गं," ते म्हणाले.

भिंगरी